अर्ध्या गुणाची गोष्ट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आज मी तुम्हाला इंग्रजीच्या व्याकरणाबद्दल सांगणार आहे, असं म्हटल्याबरोबर काही जण रेडिओचा कान पिळतील याची मला कल्पना आहे. पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे व्याकरणाचं नाव काढताच चेहरे कसे होतात ते मी पुष्कळ पाहिलं आहे. पण ही गोष्ट नुसत्या व्याकरणाची नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीची आणि तिच्यामागे असलेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासाची ती आहे.

एका अक्षरानं केवढा घोटाळा होतो, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. 'ध'चा 'मा' आपण लहानपणीच ऐकलेला असतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हुकूमनाम्यातल्या 'धरावे'चं कुणी तरी 'मारावे' केलं, अशी कथा त्यानंतर सांगितली जाऊ लागली. कथेत खरं किती हा इतिहासकारांचा प्रश्न. पण कागदावरचा शब्द बदलला की माणसाचं नशीब बदलतं, हे लोकांना पटलेलं होतं, म्हणूनच ती कथा टिकली. माझ्या गोष्टीत अक्षर बदललं नाही, शब्दही बदलला नाही. एक शब्द फक्त दोन घरं डावीकडे सरकला.

मी सक्करदऱ्याचा. तलाव, भोसल्यांचा वाडा, ताजुद्दीनबाबांचा छोटा ताजबाग आणि बुधवारचा बाजार, एवढ्या मुलखात माझं आयुष्य गेलं. या भागात विणकरांची वस्ती मोठी. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी मागाचा खटखटाट ऐकत अभ्यास करणारी. १९७८ साली नववीच्या सहामाही परीक्षेत अशाच एका मुलानं निबंधात एक वाक्य लिहिलं. 'धिस क्लॉथ हॅज टू बी केअरफुली वॉश्ड.' म्हणजे, हे कापड जपून धुतलं पाहिजे. घरच्या लुगड्यांबद्दलच लिहिलं होतं त्यानं.

मी 'केअरफुली'खाली लाल रेघ ओढली, समासात 'स्प्लिट इन्फिनिटिव्ह' असं लिहिलं आणि अर्धा गुण कापला.

दुसऱ्या दिवशी तो पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आला. "सर, हे काहून चुकलं?"

मी त्याला सांगितलं, "टू आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालायचं नसतं. ते दोन तुकडे करणं झालं."

"मग कुठं लिहायचं, सर?"

मी म्हणालो, "टूच्या आधी. केअरफुली टू बी वॉश्ड." त्यानं मान डोलावली. वहीत लिहून घेतलं. चांगला विद्यार्थी होता, एकदा सांगितलेलं विसरत नसे. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

हा नियम मला कुणी दिला? माझ्या सरांनी. त्यांना त्यांच्या सरांनी. आमच्या पिढीच्या कपाटात दोनच ग्रंथ असत. एक तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि दुसरं रेन आणि मार्टिन. यातला रेन म्हणजे पी. सी. रेन. हा गृहस्थ १९०३ मध्ये इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये हिंदुस्थानात आला, कराचीला आणि मुंबई इलाख्यात त्यानं काम केलं. पुढे १९२४ मध्ये 'बो जेस्ट' ही फ्रेंच परकीय पलटणीवरची कादंबरी लिहून तो जगभर गाजला. ते व्याकरण १९३०च्या दशकात निघालं आणि अजूनही विकलं जातं. पण वर्गात जे शिकवलं जातं ते सगळं पुस्तकातलं नसतं. बरंचसं तोंडी चालत येतं. 'टू फोडायचा नाही' हा नियम तसाच, घराण्याच्या गायकीसारखा, आमच्यापर्यंत आला होता. फरक एवढाच की गायकीत चीज बदलली तर जाणकार ओरडतात. आमच्याकडे नियम वाटेत बिघडला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता या नियमाचा इतिहास बघू. फार जुन्या इंग्रजीत क्रियापदाचं हे मूळ रूप एकाच शब्दाचं असे. आपल्या 'करणे', 'धुणे' यांना जसा 'णे' चिकटलेला असतो, तसा शेवटी प्रत्यय असे. पुढे ते प्रत्यय झिजले आणि 'टू' हा सुटा शब्द त्यांची जागा घेऊ लागला. शब्द सुटा झाला की मध्ये फट पडते, आणि फट पडली की कुणी तरी तिथे बसणारच. तेराव्या-चौदाव्या शतकापासून लेखक 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालताना दिसतात. पुढची दोन-तीन शतकं ही पद्धत मागे पडली, पण मेली नाही. शेक्सपिअरनं आपल्या १४२व्या सुनीतात 'टू' आणि 'बी' यांच्यामध्ये चक्क 'पिटीड' हा शब्द बसवला आहे, यमक जुळावं म्हणून. म्हणजे त्यानं तोडला तो कर्मणी प्रयोगातलाच 'टू बी'. शेक्सपिअरचा अर्धा गुण कुणी कापला नाही.

अठराव्या शतकात इंग्रजीला शिस्त लावण्याची मोठी लाट आली. १७६२ मध्ये बिशप लौथ यांचं व्याकरण आलं, १७९५ मध्ये लिंडली मरे यांचं. हिंदुस्थानातल्या सुरुवातीच्या इंग्रजी शाळांवर मरे यांच्या व्याकरणाची मोठी छाप होती. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं तेही इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. पण गंमत अशी, की 'टू फोडू नका' ही बंदी लौथ किंवा मरे यांनी घातलेली नाही. ती दिसते १८०३ मध्ये जॉन कॉम्ली या अमेरिकन शिक्षकाच्या पुस्तकात. मग १८३४ मध्ये 'न्यू इंग्लंड मॅगझिन'मध्ये 'पी' एवढीच सही असलेल्या एका लेखकानं ती मांडली. असा नियम पूर्वी कुणी दिल्याचं आपल्याला माहीत नाही, पण चांगले लेखक तसं लिहीत नाहीत म्हणून आपण तो सुचवतो आहोत, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. तिसरे हेन्री आल्फर्ड, कँटरबरीचे डीन. त्यांनी १८६४ मध्ये 'अ प्ली फॉर द क्वीन्स इंग्लिश' या पुस्तकात यावर नापसंतीचा शिक्का मारला.

लॅटिनमध्ये हे रूप एकाच शब्दाचं असतं, ते फोडता येत नाही, म्हणून इंग्रजीतही फोडू नये असा हा नियम आला, असं पुष्कळदा सांगितलं जातं. मीही वर्गात तेच सांगत असे. पण या पहिल्या आक्षेपकांनी लॅटिनचं कारण दिलेलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं, की सभ्य लोक असं लिहीत नाहीत. एकदा सभ्यपणाचा प्रश्न झाला की नियमाला कारण लागत नाही. पानाच्या डावीकडे मीठ का वाढायचं, असं कोण विचारतो?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दोषाला 'स्प्लिट इन्फिनिटिव्ह' हे भारदस्त नाव मिळालं आणि मग तर भीतीच बसली. याच काळातली एक आख्यायिका आहे. १८७१ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात वॉशिंग्टनला तह व्हायचा होता. तार करून लंडनहून वाटाघाटी करणाऱ्यांना बजावण्यात आलं, की इतर बाबतीत काय ते बघा, पण तहाच्या मसुद्यात 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण येता कामा नये! ही हकिगत तेव्हापासून सांगितली जाते.

आता माझ्या चुकीकडे येतो. नियम चांगला की वाईट हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. नियम मान्य केला तरीसुद्धा त्या मुलाचं वाक्य चूक नव्हतं.

'टू बी वॉश्ड' यात तीन शब्द आहेत. 'टू'ची गाठ 'बी'शी आहे, 'वॉश्ड'शी नाही. म्हणून 'टू केअरफुली बी वॉश्ड' असं लिहिलं तर 'टू' फुटला असं म्हणता येईल. 'टू बी केअरफुली वॉश्ड' यात काहीच फुटलेलं नाही. 'टू बी' शेजारी शेजारी सुखरूप आहेत, आणि 'केअरफुली' हा ज्या 'वॉश्ड'बद्दल बोलतो त्याला चिकटून उभा आहे. रीत दाखवणाऱ्या शब्दाची कर्मणी प्रयोगातली ही सगळ्यात स्वाभाविक जागा. वाक्य मोठं झालं, 'टू हॅव बीन' असं काही आलं, तरी तेच. 'टू हॅव बीन राँगली पनिश्ड', म्हणजे चुकीनं शिक्षा झालेली असणे. 'राँगली' बसतो तो 'पनिश्ड'च्या शेजारी. वाटल्यास तो शेवटीही जाईल. 'कधीच नाही' या अर्थाचा 'नेव्हर' मात्र 'टू'च्या आधी शोभतो, कारण तो सगळ्याच म्हणण्याला लागू असतो.

हे मला कुणी शिकवलं? एच. डब्ल्यू. फाउलर नावाच्या माणसानं. तेही तो जाऊन जवळजवळ साठ वर्षं झाल्यावर. १९९२ साली सीताबर्डीत जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला त्याचं 'मॉडर्न इंग्लिश यूसेज' हे पुस्तक मिळालं. फाउलर माझ्यासारखाच शाळामास्तर. १८८२ ते १८९९ अशी सतरा वर्षं त्यानं इंग्लंडमध्ये सेडबर्ग इथल्या शाळेत शिकवलं. मुलांना धार्मिक दीक्षाविधीसाठी तयार करणं हाउसमास्तरकडून अपेक्षित होतं. आपली त्यावर श्रद्धा नाही, तर ते आपण करणार नाही, या मुद्द्यावर त्यानं नोकरी सोडली. पुढे भावाबरोबर ग्वेर्नसी बेटावर राहून तो लिहू लागला. १९०६ मध्ये दोघांचं 'द किंग्ज इंग्लिश' आलं. भाऊ १९१८ मध्ये गेला. १९२६ मध्ये हा मोठा ग्रंथ आला.

त्यात फाउलरनं या 'टू फोडण्या'वरून इंग्रजी बोलणाऱ्या जगाचे पाच वर्ग पाडले आहेत. काहींना ते काय असतं ठाऊक नाही आणि फिकीरही नाही. काहींना ठाऊक नाही पण फिकीर फार. काहींना ठाऊक आहे आणि ते निषेध करतात. काहींना ठाऊक आहे आणि पसंत आहे. शेवटचे, ज्यांना ठाऊक आहे आणि जे तारतम्यानं वागतात. पहिला वर्ग सगळ्यात सुखी. दुसऱ्या वर्गाची त्यानं जी हजेरी घेतली आहे ती वाचताना मी दुकानात उभ्या उभ्या घामाघूम झालो. ठाऊक नाही पण फिकीर फार, हा मीच होतो. 'टू' आणि 'बी' यांच्या मध्ये शब्द आला तर फूट, 'बी'च्या नंतर आला तर फूट नाही, हा भेद न कळल्यामुळे लोक चांगली वाक्यं मोडून ठेवतात, हे त्यानं १९२६ मध्येच लिहून ठेवलं होतं. मी ते १९७८ मध्ये करत होतो. आणि त्याचा परिणाम मला तोपर्यंत बघायलाही मिळाला होता. तो असा.

तो विद्यार्थी शिकला, पदवीधर झाला आणि हिंगणा रोडवरच्या एका कारखान्यात कारकून म्हणून लागला. कारखान्याचं नाव सांगत नाही, आता तो नाहीही. १९९१ साली तिथे साठ-सत्तर कामगारांचा थकलेला बोनस द्यायचा होता. मालक आणि कामगार यांची बैठक झाली. थकबाकी लवकर द्यायची असं ठरलं. इतिवृत्त इंग्रजीत लिहायचं होतं. ते लिहायला त्यालाच बसवलं, कारण त्याचं इंग्रजी चांगलं. मालकांनाही मान्य, कामगारांनाही.

त्याच्या मनात पहिल्यांदा जे वाक्य आलं ते बरोबर होतं. 'द अरिअर्स वेअर अॅग्रीड टू बी प्रॉम्प्टली पेड.' मग त्याला माझी लाल रेघ आठवली. 'टू'च्या नंतर क्रियाविशेषण नको. त्यानं 'प्रॉम्प्टली' उचलला आणि मी शिकवल्याप्रमाणे 'टू'च्या आधी ठेवला. 'द अरिअर्स वेअर अॅग्रीड प्रॉम्प्टली टू बी पेड.' दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या.

आपल्याकडे संस्कृत न्यायांमध्ये एक देहलीदीपन्याय आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा आतही उजेड देतो आणि बाहेरही. काव्यात तो गुण मानतात. करारात तो काय करतो ते बघा. 'प्रॉम्प्टली' आता उंबरठ्यावर जाऊन बसला होता. डावीकडे 'अॅग्रीड', उजवीकडे 'टू बी पेड'. कामगारांनी वाचलं, पैसे तत्परतेनं द्यायचं ठरलं. दोन महिने झाले, पैसे मिळेनात, तेव्हा ते विचारायला गेले. व्यवस्थापनाच्या माणसानं कागद पुढे ठेवला आणि म्हणाला, "नीट वाचा. तत्परतेनं ठरलं, असं लिहिलं आहे. आम्ही एका बैठकीत ठरवलं की नाही? कधी द्यायचे ते यात कुठे आहे?"

पैसे शेवटी मिळाले. सात महिन्यांनी. एका क्रियाविशेषणामुळे ते अडकले असं मी म्हणणार नाही. द्यायचे नसले की माणूस कारण शोधतोच. पण शोधणाऱ्याला कारण सापडलं ते माझ्या नियमात. त्या सात महिन्यांत कुणाचं लग्न पुढे गेलं, कुणी सावकाराचं दार वाजवलं. आणि लोकांनी बोल लावला तो इतिवृत्त लिहिणाऱ्याला. "तूच लिहिलं ना? तुलाच इंग्रजी येते ना?" काहींनी तर तो मालकाला फितूर झाला असं म्हणायलाही कमी केलं नाही.

तो माझ्याकडे आला तेव्हा तक्रार करायला आला नव्हता. कागद पुढे ठेवून त्यानं एवढंच विचारलं, "सर, हे बरोबर आहे ना? तुम्ही सांगितलं होतं तसंच लिहिलं." मी वाक्य वाचलं, आणि मला सहामाहीचा तो पेपर आठवला. तेव्हा मी त्याला काही धड उत्तर देऊ शकलो नाही. 'नियमाप्रमाणे बरोबर आहे', असं काहीतरी पुटपुटलो. फाउलर भेटायला अजून वर्ष होतं.

श्रोतेहो, एक प्रश्न मला नंतर पुष्कळ वर्षं छळत राहिला. ते इतिवृत्त इंग्रजीत का लिहिलं? खोलीतला प्रत्येक माणूस मराठी किंवा हिंदी बोलणारा. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४चा, म्हणजे सरकारचा कारभारसुद्धा मराठीत आणायचं ठरून पाव शतक उलटलं होतं. पण कागद पक्का व्हायचा तर तो इंग्रजीत असला पाहिजे, ही समजूत आपल्या अंगात मुरलेली. नागपुरात ती मुरण्याचं कारणही आहे. १८१७ला सीताबर्डीची लढाई झाली, १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, १८५४ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. या सगळ्यात भोसल्यांचं भवितव्य इंग्रजी कागदांवर ठरत गेलं. सक्करदऱ्यातल्या माणसाला इंग्रजी कागदाचा वचक असणं नवल नाही.

मराठीत लिहिलं असतं तर काय झालं असतं? 'थकबाकी लवकर देण्याचे ठरले.' 'थकबाकी देण्याचे लवकर ठरले.' लहान मुलालाही फरक कळतो. मराठीत क्रियाविशेषण आपल्या क्रियापदाच्या पुढ्यात उभं राहतं. 'देणे', 'करणे' हे एकेकच शब्द. मध्ये फट नाही, फुटण्याचा प्रश्न नाही.

कर्मणी प्रयोगाचं तर मराठीचं स्वतःचं घराणं आहे, आणि ते जुनं आहे. ज्ञानेश्वरीच्या काळच्या मराठीत 'कीजे', 'बोलिजे', 'देखिजे' अशी रूपं सापडतात. केलं जातं, बोललं जातं, पाहिलं जातं, हा अर्थ एका शब्दात. व्याकरणात याला पुराण कर्मणी म्हणतात. ही रूपं गेली असं आपल्याला वाटतं, पण त्यांतली दोन आपण रोज शंभर वेळा वापरतो. एक 'म्हणजे', मूळचं 'म्हणिजे'. दुसरं 'पाहिजे'. त्या मुलाच्या मनातलं वाक्य काय होतं? 'हे कापड जपून धुतलं पाहिजे.' इंग्रजीला जिथे 'हॅज टू बी' असे तीन शब्द लागतात तिथे सातशे वर्षांपूर्वीचं एक कर्मणी रूप त्याच्या तोंडी आपोआप आलं होतं. आणि 'जपून' हा शब्द 'धुतलं'ला चिकटूनच होता. त्यानं इंग्रजीतही तो तिथेच ठेवला. त्याचा कान बरोबर होता, मास्तरांचा नव्हता.

इंग्रजीच्या सहवासात मराठीनं आणखी एक कर्मणी घेतला. 'रामाकडून रावण मारला गेला' हा तो. शाळेच्या व्याकरणात त्याला नवीन कर्मणी म्हणतात. त्याचाच सरकारी भाऊबंद म्हणजे 'करण्यात येत आहे'. 'तात्काळ कार्यवाही करण्यात यावी', हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचलं आहे. यात 'तात्काळ' अगदी योग्य जागी आहे. नाही तो फक्त कर्ता. कार्यवाही कोणी करायची? ही कर्मणीची खोड दोन्ही भाषांत सारखीच. म्हणून मला वाटतं, कर्मणीत जेव्हा करणारा दिसत नाही, तेव्हा कधी आणि कसं हे सांगणाऱ्या शब्दाचीच जबाबदारी वाढते. त्यालाही धूसर करून टाकलं तर हातात काय उरलं? त्या इतिवृत्तात कोण पैसे देणार ते लिहिलेलं नव्हतंच, कधी देणार तेही माझ्या नियमानं पुसून टाकलं.

जागेचा हा घोटाळा आमच्या सक्करदऱ्यातच होतो असं समजू नका. २० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामांना अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी 'फेथफुली' हा शब्द त्याच्या जागेवरून उचलून वाक्याच्या शेवटी नेला. ओबामा अडखळले. सारं जग बघत होतं. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा घ्यावी लागली. शंकेला जागा नको म्हणून. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी तेव्हा लिहिलं, की क्रियापदाच्या मध्ये क्रियाविशेषण नको ही जुनी अंधश्रद्धाच सरन्यायाधीशांना नडली असावी. आपल्या संविधानाच्या साठाव्या अनुच्छेदातही राष्ट्रपतींच्या शपथेत हा 'फेथफुली' आहे, आणि तो क्रियापदाला लागून, त्याच्या हक्काच्या जागी आहे.

इंग्रजांनी स्वतः ही भीती केव्हाच सोडली. रेमंड चँडलर या रहस्यकथाकारानं १९४७ मध्ये एका मासिकाच्या संपादकाला कळवलं, की मी 'टू' फोडतो तेव्हा तो फुटलेलाच राहावा म्हणून फोडतो, तुमच्या मुद्रितशोधकाला सांगा. १९६६ पासून 'स्टार ट्रेक' ही मालिका दर भागाच्या सुरुवातीला 'टू' आणि 'गो' यांच्यामध्ये 'बोल्डली' घालून गाजली. १९९८च्या नव्या ऑक्सफर्ड शब्दकोशानं या रचनेला हरकत नाही असं सांगितलं, आणि जुन्या वळणाचं 'इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिकही २०१८ मध्ये नमलं. नियम ज्यांनी केला त्यांनी तो मोडला. आमच्याकडे मात्र लाल शाई अजून वाळलेली नाही. आजही शिकवणीच्या वर्गांतून मुलांच्या 'टू बी प्रॉपर्ली'वर फुली बसते, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

फाउलर मिळाला त्या संध्याकाळी मी पुस्तक घेऊन थेट त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो. पाऊस होता. त्याच्या आईनं चहा ठेवला. मी पान उघडून त्याला दाखवलं आणि सांगितलं, "चूक माझी होती. तू नववीत लिहिलं होतंस तेच बरोबर होतं."

तो बराच वेळ पान वाचत बसला. मग म्हणाला, "सर, हे कारखान्यातल्या लोकांना सांगता येईल का?"

मला माफी हवी होती, त्याला त्याचं नाव परत हवं होतं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्याच्या सोबतच्या चार-पाच कामगारांना भेटलो. सक्करदरा चौकातल्या एका चहाच्या टपरीवर मी त्यांना 'प्रॉम्प्टली'ची गोष्ट मराठीतून समजावून सांगितली. आयुष्यात घेतलेला तो माझा सगळ्यात अवघड तास. फितुरीचा शब्द त्यानंतर कुणी काढला नाही. एक वयस्क कामगार मात्र म्हणाला, "मास्तर, पुढच्या वेळी मराठीत लिहा ना." आणि खरंच, त्यानंतरची त्यांची इतिवृत्तं मराठीत लिहिली गेली. इंग्रजी प्रत खाली जोडत.

आता आम्ही दोघंही म्हातारे. बुधवारच्या बाजारात कधी भाजी घेताना भेट होते. मागे एकदा म्हणाला, "सर, नातीला शिकवतो इंग्रजी. तिला काय सांगू? नियम काय आता?"

मी म्हणालो, "ज्या शब्दाबद्दल सांगायचं, त्याच्या शेजारी ठेव म्हणावं. आणि लिहून झालं की एकदा मोठ्यानं वाच. ज्याचे पैसे अडकणार आहेत त्याच्या कानानं वाच."

"आणि माझा अर्धा मार्क?"

मी खिशातून पेन काढलं आणि त्याच्या भाजीच्या यादीवर अर्धा गुण लिहून खाली सही केली. लाल शाई नव्हती, निळीच होती. त्यानं तो कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि आम्ही वांगी निवडायला लागलो.